पहिला नंबर, पण माझ्याच फोनवर

देवगडला आमची हापूसची कलमं. वडील पेट्या वाशीला पाठवायचे, मी वेबसाइट काढून थेट गिऱ्हाइकाला पाठवू लागलो. दोन हंगाम गूगलवर आपसूक वर होतो. मग दुसरे विक्रेते पुढे सरकले आणि माझा जीव खालीवर व्हायला लागला. नेमका तेव्हाच साइट गूगलवर वर आणून देणाऱ्या एका कंपनीचा फोन आला: "सर, तीन महिन्यांत पहिला नंबर, गॅरंटी. आणि टिकवून पण देतो." महिना १२,००० रुपये.

पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही, असं खुद्द गूगलनेच लिहून ठेवलंय. मी ते पैसे गेल्यावर वाचलं.

दुसऱ्या महिन्यात कंपनीचे साहेब पडवीत बसून माझ्याच मोबाइलवर शोधून दाखवून गेले. साइट पहिली! चहाबरोबर आंबापोळीही खाऊन गेले. रात्री पुण्याच्या मावसबहिणीला बघायला सांगितलं. "दादा, चार पानं पालथी घातली, तू कुठेच नाहीस." मी बसलेलो देवगडात, दिवसातून दहादा स्वतःचीच साइट उघडणारा, माझ्या फोनला माझंच दुकान आधी दिसणार. त्यांच्या रिपोर्टमधला ‘टॉप कीवर्ड’ (गूगलवर शोधायचे शब्द) तर बघा: ‘देवगड नैसर्गिक पिकवलेला हापूस पाच डझन पेटी घरपोच’. साइट शोधात किती वेळा दिसली ते सांगणारं गूगलचं सर्च कन्सोल उघडलं, तर महिन्याभरात त्या शब्दांवर साइट चारदा दिसलेली. त्यातले दोनदा तरी मीच शोधलं असणार.

जाब विचारला तर म्हणे, "स्पर्धक जोर लावतायत, बॅकलिंक वाढवायला हव्यात." म्हणजे दुसऱ्या साइटवरून माझ्या साइटकडे येणाऱ्या लिंक. आणखी १५,००० दिले. इथे दोष माझाच. मार्चमध्ये पहिली आढी लावली त्याच आठवड्यात गूगलची मॅन्युअल ॲक्शन, म्हणजे त्यांच्या माणसाने तपासून केलेली कारवाई, आली: अनैसर्गिक लिंक. यादी उतरवून पाहिली तर सगळ्या जुगाराच्या नाहीतर गोळ्या विकणाऱ्या परदेशी साइट. असल्या विकतच्या लिंकांमागे गूगल २०१२ च्या पेंग्विन अपडेटपासून हात धुऊन लागलंय. या धंद्यातल्या माणसाला ते ठाऊक नसेल?

काम थांबवा म्हटलं, तेव्हा कळलं की रिन्यू करून देतो म्हणत डोमेनही (साइटचा पत्ता) त्यांनी स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं. सोडवायला २०,००० मोजले. तुमचं डोमेन कोणाच्या नावावर आहे, ते आजच बघा. आणि कोणी नंबर दाखवायला आलं, तर दुसऱ्या गावातल्या कोणाच्या तरी फोनवर शोधायला लावा.

लिंका काढायला पत्रं धाडली, उरलेल्या मोजू नका म्हणून गूगलला डिसअव्हाउ फाइल दिली, फेरविचाराचा अर्ज केला. कारवाई उठल्याचा मेल आला तेव्हा पाऊस सुरू झाला होता आणि बागेत रायवळसुद्धा उरला नव्हता.