नोकरी शोधताना घेतलेली तीन पुस्तकं : आठ महिन्यांच्या वापरानंतर

कंपनीने आमचा अख्खा विभाग बंद केला, त्याच आठवड्यात मी नोकरी कशी शोधावी यावरची तीन पुस्तकं घेतली. दोन नवी कोरी, तिसरं जुनं, आधीच्या कुणीतरी पेन्सिलीने खुणा केलेलं. त्याला आठ महिने झाले. त्यातले शेवटचे तीन मी नव्या नोकरीत आहे. कोणतं पान पुन्हापुन्हा उघडलं आणि कोणतं एकदाच, हे आता नक्की सांगता येतं.

शिळं काय होतं ते आधी. जुन्या पुस्तकात फॅक्सने अर्ज पाठवण्यावर एक प्रकरणच आहे, ते सरळ ओलांडलं. पण नव्या पुस्तकांतलाही बायोडेटाचा भाग लवकर जुना होतो. त्यातल्या एकातला दोन रकान्यांचा देखणा नमुना वापरून मी दोन महिने अर्ज पाठवत होते. मग एका पोर्टलने माझी माहिती आपोआप भरून दाखवली, तर अनुभवाच्या जागी शिक्षण आणि तारखा भलत्याच कामांपुढे! त्याच रात्री एका रकान्याचा साधा बायोडेटा केला. पगाराचे आकडे आणि वेबसाइटच्या याद्याही पुस्तकातून घेऊ नयेत.

टिकला तो स्वतःचा हिशेब, म्हणजे आपल्याला काय जमतं आणि काय आवडतं, ते मांडायचा भाग. व्यवसाय-मार्गदर्शनाचा पाया घालणारे अमेरिकेतले फ्रँक पार्सन्स यांचं काम कसं निवडावं यावरचं पुस्तक १९०९ मध्ये आलं. आधी स्वतःला नीट ओळखा, मग कामांची माहिती काढा, मग दोन्हींचा मेळ घाला, हे त्यांचं म्हणणं. माझी तिन्ही पुस्तकं अजून याच वाटेने जातात. रिचर्ड बोल्स या अमेरिकी लेखकाने १९७० साली स्वतः छापलेलं नोकरी शोधण्यावरचं पुस्तक पुढे कित्येक वर्षं दरवर्षी सुधारून निघत राहिलं, तरी स्वतःला ओळखण्याचा भाग त्याच्या केंद्रस्थानीच राहिला.

हा भाग नुसता वाचून काही होत नाही, हे मात्र कळकळीने सांगते. वही घ्यावी लागते. मी पहिल्यांदा लिहिलं, 'स्टॉकचा ताळमेळ लावला.' पुस्तकाचे पुढचे प्रश्न : अडचण काय होती? तुम्ही स्वतः काय केलंत? शेवटी काय बदललं? तेव्हा आठवलं की परत आलेला माल गोदामात आणि बिलिंगमध्ये असा दोनदा जमा होत होता. मी तीन संध्याकाळी चलनं एकेक करून लावली, चूक सापडली, आणि एकाच ठिकाणी नोंद करायची पद्धत बसवली. महिनाअखेरचं चार दिवसांचं काम एका दिवसावर आलं. एका ओळीचं पाऊण पान झालं. पुढे मुलाखतीत 'एखादा कठीण प्रसंग सांगा' म्हणाले, तेव्हा मी हेच पाऊण पान सांगितलं.

ओळखीपाळखीचं प्रकरण मी संकोचाने टाळत होते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा लोकांना नोकऱ्या कशा मिळतात यावरचा १९७३ चा अभ्यास वाचला आणि धीर आला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोक त्या ओळखीच्या माणसाला वारंवार भेटणारे होते; बाकीच्यांची भेट अधूनमधून किंवा क्वचितच व्हायची. जवळच्यांना जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं, लांबच्यांना वेगळं काही कळलेलं असतं. मी तीन वर्षं न बोललेल्या एका जुन्या सहकारी ताईंना मेसेज केला. नोकरी मागितली नाही, फक्त त्यांच्या कामाबद्दल वीस मिनिटं विचारलं. दीड महिन्याने त्यांनीच जागा निघाल्याचं कळवलं.

व्यक्तिमत्त्व चाचण्यांवर मी फार भिस्त ठेवणार नाही. आवडीनिवडी बोलायला शब्द मिळतात, तेवढं पुरे. आणि नकार येत राहतात तेव्हा मन कसं सांभाळावं, यावर तिन्ही पुस्तकं फारच थोडं बोलतात. सतरा नकारांच्या काळात मला ती उणीव खूप जाणवली.

विकत घ्यायचं तर एकच घ्या, जुनी आवृत्ती असली तरी चालेल, पण त्यात लिहून करायचे सराव आहेत ना ते आधी चाळून बघा. बायोडेटासाठी त्याच क्षेत्रात सध्या भरती करणाऱ्या कुणाला तरी विचारा. माझी वही अजून चालू आहे; नव्या कामातला पहिला प्रसंग गेल्या रविवारी तीत लिहिला.