दोन बॅटऱ्यांची गिटार: १८ व्होल्टवरचे नऊ महिने

मी जळगावात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. हळदीचे कार्यक्रम, गणपती, अहिराणी गाण्यांच्या रात्री, सगळीकडे हीच एक गिटार असते. तिला ब्रिजच्या बाजूला ईएमजी कंपनीचा ८१ आणि नेकच्या (मानेच्या) बाजूला ८५ हा पिकअप आहे; पिकअप म्हणजे तारांची थरथर पकडून तिचा विजेचा सिग्नल करणारा भाग. दोन्ही अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे पिकअपच्या आतच छोटा प्रीअँप, म्हणजे सिग्नल वाढवणारं सर्किट असतं आणि ते ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालतं. दिवाळीनंतर मी एकीच्या जागी दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीमागे एक जोडल्या, की व्होल्टेजची बेरीज होते. आता श्रावण लागलाय. एवढ्या दिवसांत जे कळलं ते लिहितो.

आधी त्रास काय होता ते सांगतो. अहिराणी गाण्यांना ढोलकीच्या बरोबरीने क्लीन (डिस्टॉर्शन न लावलेल्या) आवाजात जोरात स्ट्रमिंग करावं लागतं. हात जोरात पडला की आवाजाचं टोक चेपल्यासारखं व्हायचं, काचेवर वाळू घासावी तसं. मी अँपला दोष देत होतो, पण अँप बदलूनही तेच. कारण असं की ९ व्होल्टवर प्रीअँपला वर-खाली मिळून जेमतेम ९ व्होल्टची जागा मिळते, आणि बॅटरी उतरत गेली की तीही कमी होते. तारेचा फटका त्याबाहेर गेला की लहर छाटली जाते. १८ व्होल्टवर ही जागा दुप्पट होते. ईएमजीने या पिकअपसाठी २७ व्होल्टपर्यंत मर्यादा दिलेली आहे, म्हणून मी निर्धास्त होतो. दुसऱ्या कंपनीचे पिकअप असतील तर तिचा कागद वाचल्याशिवाय हात लावू नका.

जोडणी सोपी आहे. बॅटरीच्या पहिल्या क्लिपची काळी वायर दुसऱ्या क्लिपच्या लाल वायरला जोडून सोल्डर केली आणि वर श्रिंक ट्यूब चढवली. उरलेली लाल पिकअपच्या पॉझिटिव्हला आणि उरलेली काळी स्टिरिओ जॅकच्या (केबल खुपसायच्या भोकाच्या) रिंग नावाच्या टोकाला. केबल लावली की रिंग ग्राउंडला टेकते आणि सर्किट चालू होतं, म्हणून घरी आल्यावर केबल काढायची सवय ठेवा. नवीन अल्कलाइन जोडी मल्टिमीटरवर १९ च्या जवळ दिसली. खरी अडचण जागेची. माझ्या गिटारच्या मागच्या खाचेत दोन बॅटऱ्या बसेनात, शेवटी दुसरी पॉटच्या (आवाजाच्या नॉबखालच्या भागाच्या) बाजूला फोममध्ये गुंडाळून बसवली. झाकण लावताना आजही वायर दाबली जात नाही ना, हे बघावं लागतं.

आता आवाज. मोठा होत नाही, हे आधीच सांगतो, कारण बरेच जण त्याच आशेने विचारतात. प्रीअँपचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते प्रमाण, तोच राहतो. फरक जोरदार फटक्यात आहे: सुरुवातीचा ‘टण्’ पूर्ण निघतो, सहाही तारा वेगळ्या ऐकू येतात. पहिल्याच रिहर्सलला आमचा ढोलकीवाला म्हणाला, ‘आते तुना गिटारना आवाज मोकया वाटस, भो.’ मी त्याला काहीच सांगितलेलं नव्हतं. डिस्टॉर्शन लावल्यावर मात्र फरक जवळजवळ शून्य. मेटलच वाजवत असाल तर हा खटाटोप करू नका.

एक गोष्ट मला उशिरा कळली. पूर्वी पिकअपमध्येच छाटली जाणारी टोकं आता थेट मिक्सरपर्यंत जातात. पहिल्या कार्यक्रमात चॅनेलचा लाल दिवा सारखा लागत होता. तिथला गेन कमी केला आणि प्रश्न मिटला.

बॅटरीच्या आयुष्याबद्दल गैरसमज फार आहेत. एका पिकअपला साधारण ८० मायक्रोअँपिअरच लागतात, त्यामुळे चांगली अल्कलाइन महिनोन्‌महिने जाते. पण सिरीजमध्ये व्होल्टेज वाढतं, साठा वाढत नाही. मला फटका बसला तो स्वस्त झिंक-कार्बन बॅटरीने. एप्रिलमध्ये घाईत एक जुनी आणि एक तशी नवी अशी जोडी लावली. मे महिन्यातल्या आमच्या उन्हात गिटार गाडीत राहिली आणि धुळ्याच्या हळदीला आवाज धुरकट, मग गायबच. झाकण उघडलं तर क्लिपवर पांढरट-हिरवी बुरशीसारखी खर जमलेली. क्लिप कापून टाकावी लागली. नवरीकडचे लोक थांबून राहिले, ते मला अजून टोचतं. तेव्हापासून दोन्ही एकाच दिवशी, एकाच प्रकारच्या बदलतो आणि खाचेच्या झाकणावर तारीख लिहितो.

तुमचाही क्लीन आवाज फाटत असेल तर सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी पिकअप तारांपासून दोन मिलिमीटर खाली उतरवून बघा. माझा निम्मा त्रास तेवढ्याने गेला असता. उरलेल्या निम्म्यासाठी मात्र मी परत एका बॅटरीवर जाणार नाही. पुढच्या आठवड्यात कानबाईचा (आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाचा) कार्यक्रम आहे, त्यासाठी कालच नवी जोडी बसवली. मीटर १८.९ दाखवतोय.