घरमालकानं माझ्यासमोर फाडलेला चेक दोन महिन्यांनी बाऊन्स झाला

29,388 रुपये गेले. इंदूरमध्ये, सुदामा नगरात, दोन खोल्यांच्या घरापायी, आणि तेही आपल्याच मराठी माणसाकडून. नाव लिहीत नाही, लिहिलं तर उद्या मानहानीची नोटीस पण माझ्याच दारात येईल. पण जे कोणी किरायानं घर बघताय त्यांनी हे वाचा.

जून 2025 मध्ये घर घेतलं. किराया 14,500, डिपॉझिट 29,000, अकरा महिन्यांचं एग्रीमेंट. घरमालक काकांनी अकराही महिन्यांचे चेक आधीच तारखा टाकून मागितले, प्रत्येक 5 तारखेचा. आणि वर एक कॅन्सल्ड चेक, म्हणजे रेघा मारून रद्द केलेला, "खात्याचा पुरावा म्हणून हो, एग्रीमेंटला लावायला." तेव्हाच विचारायला हवं होतं की किराया तुम्ही घेणार, मग माझ्या खात्याचा पुरावा तुम्हाला कशाला? पण नवं घर, समोर काकूंनी ठेवलेले पोहे, भिंतीवर गजानन महाराज, कोण विचारतो सांगा.

2 ऑगस्टला काकांचा फोन. बँकेत केवायसी अडकलंय, खातं होल्डवर आहे, या महिन्याचा चेक लावता येणार नाही, कॅश दे. यूपीआय करतो म्हटलं तर म्हणे तेही त्याच खात्याला जोडलेलं. एटीएममधून 15,000 काढले, 500 खिशात ठेवले आणि 14,500 मोजून त्यांच्या हातात दिले. ऑगस्टचा चेक परत द्या, असं मी म्हटलं होतं, हे लक्षात ठेवा, कारण आता सगळे मला विचारतात की चेक मागितला का नाहीस. मागितला! काका आत गेले, दुमडलेला चेक घेऊन आले आणि म्हणाले, "परत काय द्यायचा, तुझ्यासमोरच फाडतो." टर्रकन चार तुकडे केले, निळ्या डब्यात टाकले, म्हणजे सुका कचरा, आणि आमच्या इंदूरची कचरागाडी किती वेळेवर येते ते तुम्हाला माहीतच आहे. सकाळी पुरावा गेला.

त्यांनी फाडला होता तो कॅन्सल्ड चेक.

हे आता रात्री झोपताना डोळ्यांसमोर येतं. दुमडलेल्या कागदावर मला दोन तिरक्या रेघा दिसल्या होत्या, निळ्या बॉलपेनच्या. मी समजलो क्रॉस केलेला, म्हणजे थेट खात्यातच जमा होणारा चेक आहे, सगळेच चेक मी क्रॉस करून दिलेले. पण क्रॉसिंगच्या रेघा कोपऱ्यात असतात हो, डाव्या हाताला वर, आणि या तर मधोमध चालल्या होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दिसलं होतं, डोक्यात शिरलं नाही. आता कोणी म्हणेल की उघडून का नाही बघितलास. साठी उलटलेला माणूस समोर उभा आहे, चहा दिलाय, त्याच्या हातातून कागद ओढून घेणार का तुम्ही?

सप्टेंबर, ऑक्टोबरचे चेक नीट क्लिअर झाले. 30 सप्टेंबरला मी महिन्याची नोटीस दिली, ऑफिस विजय नगरला गेलं म्हणून, आणि तिथून काकांचा सूर बदलला. 14 ऑक्टोबरला संध्याकाळी बँकेचा मेसेज, 590 रुपये कापले, चेक रिटर्न चार्जेस. कुठला चेक? 5 ऑगस्टचा. चेक तीन महिने चालतो, म्हणजे तो अजून जिवंत होता, आणि नव्या घराचं डिपॉझिट भरल्यामुळे माझ्या खात्यात होते 6,210. हे त्यांना माहीत होतं, कारण नव्या घराचं मीच त्यांना सांगितलं होतं, कौतुकानं. 4 ऑक्टोबरपासून तर चेक त्याच दिवशी क्लिअर व्हायला लागलेत, पूर्वीसारखा एखादा दिवस हातात मिळत नाही, सकाळी लावला की संध्याकाळी निकाल.

फोन केला तर म्हणे, "अरे, मुलानं चुकून लावला असेल, बघतो." ते बघतो म्हणाले आणि मी वाट बघत बसलो. दिवाळीचा फराळही देऊन आलो त्यांच्याकडे, चकल्या आमच्या आईच्या हातच्या. 27 ऑक्टोबरला तोच चेक दुसऱ्यांदा लावला. पुन्हा 590. चेक परत लावता येतो, हे ध्यानात ठेवा, आणि ज्यांच्या खात्यातून जायचाय त्यांना कोणी विचारत नाही.

मग आली वकिलाची नोटीस, कलम 138, म्हणजे चेक बाऊन्सचा गुन्हा. पंधरा दिवसांत पैसे भरा नाहीतर कोर्ट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मी म्हटलं पैसे दिलेत की! माझ्या वकिलांनी शांतपणे विचारलं, रसीद? नाही. मेसेज? नाही, काका व्हॉट्सअॅपवर फक्त सुप्रभात पाठवतात, पैशाचं सगळं तोंडी. एटीएमची स्लिप? ती म्हणे पैसे काढल्याचा पुरावा आहे, दिल्याचा नाही. आणि कलम 139 असं की चेक हा देणं फेडण्यासाठीच दिला होता असं कोर्ट आधी धरून चालतं, तसं नव्हतं हे आपण दाखवायचं. म्हणजे चोरी त्यांची आणि उलट साक्षीपुरावा मी गोळा करायचा.

पोलीस ठाण्यात गेलो. फसवणूक आहे, बीएनएस म्हणजे भारतीय न्याय संहितेचं 318, जुनी 420. मुंशीनं, म्हणजे तिथल्या लिखापढीवाल्या पोलिसानं, अर्ज अर्धा वाचला आणि म्हणाला, "चेक तुम्हारा, साइन तुम्हारी, बाउंस तुम्हारा, और शिकायत भी तुम्हारी?" शेजारचे दोघं हसले. मग ते ठरलेलं वाक्य, ये तो सिविल मैटर है. पावती मागितली तर साहेब राउंडवर. बँकेत गेलो, चेक तिथे आलाच कसा विचारायला, तर तिथली मॅडम म्हणे जिसने लगाया उसकी बैंक से पूछिए, आणि त्यांची बँक म्हणते तुम्ही आमचे कस्टमर नाही. हेल्पलाइनवर तक्रार टाकली तर ती फिरून त्याच ठाण्यात, त्याच मुंशीकडे, आणि त्याचाच मला फोन, भैया कम्प्लेंट बंद करवा दो, पेंडिंग दिखती है ऊपर. जनसुनावणीत अर्ज दिला, शिक्का बसला, एक नंबर मिळाला, आणि तो अर्ज पण गेला कुठे? ठाण्यात! शहराला स्वच्छतेची एवढी बक्षिसं मिळतात, तसं एखादं बक्षीस अर्ज फिरवण्याचं पण ठेवा.

शेवटी तोडपाणी केलं. लढायचं होतं असं घरबसल्या सांगणाऱ्यांना एकच, जामीन तुम्ही द्याल का, आणि तारखांना रजा तुम्ही टाकाल का? 29,000 च्या डिपॉझिटमधून काकांनी कापले ऑगस्टचे 14,500, त्यांच्या बँकेचे 708, नोटीसचे 2,500, आणि पेंटिंगचे 8,000, पाच महिने राहिलेल्या घराचं पेंटिंग! हातात आले 3,292. वर माझे 1,180 बँकेत आणि 2,500 वकिलांना.

तेव्हा कॅश द्यायचीच नाही, आणि द्यावीच लागली तर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सहीची रसीद, 5,000 च्या वर स्टॅम्प लागतोच. "अरे आपल्यात कसली रसीद" म्हणणाऱ्याकडून तर दोन घ्या. एचआरएला, म्हणजे घरभाड्याच्या करसवलतीला पण लागते, आणि वर्षाचा किराया लाखाच्या वर असेल तर मालकाचा पॅन पण मागा, तोंड कसं होतं ते बघाच. पोस्टडेटेड चेक देऊच नका, यूपीआय करा, त्यात महिना लिहा. चेक फाडला, हरवला, उंदरानं खाल्ला, काहीही सांगोत, त्याच मिनिटाला अॅपवर स्टॉप पेमेंट टाका आणि त्यांना मेसेज करून कारण लिहून ठेवा, नुसत्या स्टॉप पेमेंटवर पण 138 लागू शकतं. कॅन्सल्ड चेक कशासाठी दिला ते त्याच्या दर्शनी बाजूवरच लिहा.

नोव्हेंबर ते एप्रिलचे चेक अजून त्यांच्याकडेच होते. समझोत्यावर सही करायच्या आधी ते मागितले. काकांनी पाकीट पुढे केलं, मी त्यांच्याच सोफ्यावर बसून एकेक उलगडला, चेकबुकच्या काउंटरफॉइलशी नंबर जुळवले, तारखा बघितल्या, सही बघितली. काकूंनी या वेळी चहा विचारला नाही. काका म्हणाले, "एवढा पण विश्वास नाही का रे माणसावर?"

मी पुढचा नंबर वाचला.