पाच इंची टोटल लॉक चाकं: नाटकाच्या सेटला घ्यावीत का?

घ्या. पाचातले चार स्टार, पण सगळा भरवसा त्यांच्यावर टाकू नका. मुलांच्या नाटकात आमचा जिना आणि वर गॅलरी असलेला एक मोठा पीस आहे, सीन चेंजला मुलंच तो ढकलतात, त्याची जुनी साध्या ब्रेकची चाकं काढून ही १२५ मिमीवाली बसवली. साध्या ब्रेकमध्ये चाक थांबतं पण वरचा गोल फिरणारा भाग मोकळाच राहतो, म्हणजे ब्रेक लावूनही कुणी जिना चढलं की अख्खा सेट डुगडुगतो आणि वरचं पोर संवाद विसरून कठडा धरतं. टोटल लॉकमध्ये एकाच पेडलनी दोन्ही जाम. टायर पीयूचा (पॉलियुरेथेन, रबरासारखं प्लास्टिक) असल्यानं आवाज नगण्य, स्टेजवर काळे डागही नाहीत. फळ्यांच्या फटीत, टेप मारलेल्या वायरवर छोटं चाक अडकून पीस पुढे कलंडायची भीती असते, पाच इंची आरामात जातं.

एक स्टार कापला तो पेडलसाठी. ते चाकाबरोबर फिरतं ना, मग पीस जागेवर आला की हमखास एकदोन पेडलं प्लॅटफॉर्मच्या पोटाखाली गेलेली असतात आणि ब्लॅकआऊटमध्ये पायानं चाचपत बसा. पेडलाला चमकणारी टेप लावा आणि कोणतं चाक कोणी लॉक करायचं ते तालमीतच ठरवून टाका, "सगळे मिळून करू" म्हटलं की एक तरी राहतंच.

आता लॉक केलं तरी थोडा प्ले, म्हणजे सैलपणा, उरतोच. मुलं नाचणार, उड्या मारणार असतील तर चाकावर विसंबू नका, फ्रेमला रबरी पायाचे खाली दाबणारे क्लॅम्प लावा म्हणजे वजन चाकांवरून उतरून जमिनीवर येतं, नाहीतर निदान दोन्ही बाजूंनी पाचरी तरी ठोका. आणि उंच, अरुंद पीस कितीही महागड्या चाकांनी सरळ उभा राहत नाही, फिरणारी चाकं आतल्या बाजूला वळली की पाया आणखी अरुंद होतो, त्यामुळे पाया रुंद करा, मागे तिरके टेकू द्या आणि वाळूच्या पिशव्या एकदम तळाशी ठेवा. ढकलायचं पण खालूनच, वर हात लावून नाही, आणि पीस हलत असताना वर कोणीही नाही, हिरोसुद्धा नाही.

चाकावर लिहिलेली क्षमता गुणिले चार असा हिशोब बरेच जण करतात, तो चुकीचा. स्टेज कुठेच सपाट नसतं, एक चाक अधांतरी राहतं. तेव्हा सेट १५० किलो आणि वर ५० किलोची तीन मुलं, एकूण ३००, तर तीननी भागा, म्हणजे प्रत्येक चाक १०० किलोचं, आणि उड्या असतील तर त्याहून बरंच जास्तीचं घ्या. बसवताना लाकडाचे स्क्रू नकोत, ते हळूहळू सैल होतात, आरपार बोल्ट, वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला, सहज सैल न होणारा). पीस फक्त विंगेतून सरळ आत-बाहेर करणार असेल तर दोन चाकं फिक्स, म्हणजे दिशा न बदलणारी, घ्या, चारही फिरती असली की मुलांना ते आवरत नाही.

या चाकांनी प्लॅटफॉर्म सहाएक इंच वर जातो, पहिली पायरी एकदम उंच होते. तेवढी एक जादा पायरी सुताराला आधीच सांगून ठेवा, आणि पुढची झाकणारी फळी जमिनीपासून अर्धा इंच वर.