लायनीचा हिशेब: फिशिंग प्लॅनेट, मांडवी आणि कित्येक महिने वापरलेलं सामान

रॉड आणि रीलवर लोक भरभरून बोलतात, पण लाईनचा विषय निघाला की "चांगल्या कंपनीची घे" एवढ्यावर सगळं आटपतं. म्हणून हा रिव्ह्यू मुद्दाम लाईनीवरच लिहितोय. सामान मागच्या चवथीनंतर घेतलं, जास्त करून गोव्यात रायबंदरच्या बाजूला मांडवी नदीत वापरलं, अधूनमधून शिवोलीला शापोरा नदीच्या काठावर आणि हिवाळ्यात थोडंफार मोरजी-आश्वेच्या वाळूवर. ज्या संध्याकाळी वारा, ऑफिस किंवा घरचं काही आडवं आलं त्या दिवशी रात्री पीसीवर फिशिंग प्लॅनेट हा मासेमारीचा गेम. आता पाऊस लागलाय, १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, नदीचं पाणी चहाच्या रंगाचं झालंय आणि रॉड कपाटावर चढलाय, त्यामुळे लिहायला वेळ आहे.

सामान काय ते आधी सांगतो. साडेआठ फुटी स्पिनिंग रॉड, १० ते ४० ग्रॅमच्या ल्युअरसाठी (ल्युअर म्हणजे नकली आमिष). ४००० साईजचं रील. त्यावर आठ पदरी ब्रेडेड, म्हणजे विणलेली लाईन, पीई १.५ (पीई हा लाईनच्या जाडीचा जपानी नंबर), डब्यावर ३० पौंड लिहिलेली, म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास. पुढे ४० पौंडी फ्लोरोकार्बनचा लीडर, म्हणजे मुख्य लाईन आणि गरीच्या मधला टणक तुकडा. दुसरं एक जुनं रील आहे त्यावर ०.४० मिमीचा साधा नायलॉन, आपला नेहमीचा तंगूस.

गेमचं आधी उरकतो. फिशिंग प्लॅनेट फुकट आहे, स्टीमवर २०१५ पासून आहे, सुरुवात टेक्ससमधल्या लोन स्टार लेक नावाच्या छोट्या तळ्यावर होते. मासे गोव्यातल्या माणसाला अनोळखी, ब्लूगिल, बास वगैरे, आपले चोणक आणि तांबोसो हे मासे तिथे शोधू नका. पण सामानाचा जो हिशेब तो गेम शिकवतो तो खरंच कामाचा आहे. रॉड, रील, लाईन, लीडर प्रत्येकावर किती वजन झेपतं ते लिहिलेलं असतं, मासा लागला की रॉड, रील आणि लाईनवर किती ताण येतोय ते पट्ट्यांत दिसतं, आणि ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक (तिथे त्याला फ्रिक्शन म्हणतात), जास्त आवळला तर जो भाग सगळ्यात कमजोर तोच जातो. महागड्या रॉडवर हलकी लाईन लावून काही होत नाही हे दोन-चार मासे घालवले की आपोआप डोक्यात बसतं आणि खिशातला एक रुपया जात नाही. मोनो (म्हणजे आपला तंगूस), फ्लोरो, ब्रेडेड तिन्ही प्रकार आहेत, एकाच ताकदीची ब्रेडेड मोनोपेक्षा किती बारीक असते ते जाडीच्या आकड्यात दिसतं. दुकानात जाऊन पीई १.५ मागताना मला जो आत्मविश्वास होता तो सगळा तिथला.

खऱ्या आयुष्यात याचा उपयोग असा होतो. पीई १.५ ची जाडी जपानी मापाप्रमाणे ०.२०५ मिमी. तेवढ्याच ताकदीचा तंगूस घ्यायचा तर अर्ध्या मिमीच्या आसपास जातो. पणजीहून रायबंदरला जाताना जो जुना पोर्तुगीज बांध लागतो त्याच्या आसपास ओहोटीचं पाणी कसं ओढतं ते ज्याने पाहिलंय त्याला कळेल, जाड लाईनीला प्रवाह धरतो, तिचा मोठा बाक होतो आणि शिसं तळाशी टिकत नाही. ब्रेडेडवर ३० ग्रॅमचं शिसं जिथे बसतं तिथे जाड तंगुसाला त्याच्या दुप्पट लागतं. शिवाय नायलॉन ताणला की पंचवीस टक्क्यांपर्यंत लांबतो, ब्रेडेड तीन-चार टक्केच. चाळीस मीटरवर माशाने नुसतं चाचपून पाहिलं तरी ब्रेडेडवर बोटाला कळतं. सुंगट (कोळंबी) लावलं असेल आणि खाली बारकी पिलावळ ते कुरतडत असेल तर तेही कळतं, आणि त्याचा वैताग येतो तो वेगळा.

ड्रॅग लाईनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवायचा असं सगळे सांगतात. माझा साडेतीन किलोच्या आसपास असतो. हाताने ओढून अंदाज घेऊ नका, सामान तोलायचा स्प्रिंगचा काटा मिळतो तो लाईनला अडकवा, रॉड वाकवून धरा आणि ओढून बघा. हाताला पाच किलो वाटतात ते काट्यावर दोन निघतात.

आता जिथे गेमचा हिशेब संपतो तिथे येऊ. गेममध्ये लाईन तुटते ती ताणाने. मांडवीत माझी बहुतेक लाईन ताणाने तुटलेलीच नाही. ती कापली गेलीय. बांधाच्या दगडांवर, जेटीच्या खांबांवर, खारफुटीच्या मुळांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडेला ताणलेली ब्रेडेड नुसती टेकली तरी खेळ खलास. ३० पौंडाची असो नाहीतर ५० ची. ब्रेडेड म्हणजे पॉलिथिलीनचे अतिशय बारीक धागे विणलेले, सरळ ओढीला जबरदस्त, घासायला अगदीच लेचीपेची. तंगूस याबाबतीत बराच बरा, कारण तो एकसंध आहे, वरून खरवडला तरी आतला भाग टिकून असतो.

एक सवय लावून घेतलीय, लाईन गेली की शिव्या घालायच्या आधी उरलेलं टोक बघायचं. ब्रेडेडचं टोक पिंजून झुबका झाला असेल आणि त्याच्या मागे हातभर लाईन बोटाला खरखरीत लागत असेल तर घासून गेली, तेवढी सगळी कापून टाका. लीडरचं टोक डुकराच्या शेपटीसारखं गोल वळलेलं असेल तर गाठ सुटलीय, लाईनीला दोष देऊ नका. आणि टोक अगदी स्वच्छ असेल तर दात, कालव नाहीतर चोणकाचा गलफडा. चोणक म्हणजे तुमच्याकडचा जिताडा, त्याला दात असे नसतातच, पण तोंडाची कड खरखरीत असते आणि गलफड्याच्या झाकणाची धार ब्लेडची. झटापट लांबली की लीडर हळूहळू झिजतो. पहिला मासा काढल्यावर लीडर नखावरून फिरवून बघा, खडबडीत झाला असेल तर नवा बांधा, आळस करू नका.

त्यामुळे इतक्या महिन्यांनी माझं मत असं झालंय की आपल्या नद्यांमध्ये मुख्य लाईन किती पौंडाची याला निम्मंच महत्त्व आहे, खरा खेळ शेवटच्या दीड-दोन मीटरचा आणि दोन गाठींचा. पैसे घालायचेच तर लीडरवर घाला, वेळ घालवायचा तर गाठींवर.

फ्लोरोकार्बन "पाण्यात दिसतच नाही" म्हणून विकतात. त्यात थोडं तथ्य आहे, त्याचा अपवर्तनांक १.४२ च्या आसपास, पाण्याचा १.३३, नायलॉनचा १.५ च्या पुढे, म्हणजे फ्लोरो पाण्याच्या जास्त जवळ. पण मांडवीच्या गढूळ पाण्यात जिथे हातभर खालचं दिसत नाही तिथे कोणता चोणक लाईन न्याहाळत बसलाय? इथे फ्लोरो घ्यायचा तो त्याच्या कडकपणासाठी, घासायला टिकतो म्हणून. ही वस्तू काही कालची नाही, जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ मध्येच फ्लोरोकार्बनची मासेमारीची लाईन काढली होती. आणि पाकिटावर "फ्लोरोकार्बन कोटेड" असेल तर नीट वाचा, ती आतून नायलॉनच असते, वर नुसता थर. अजून एक, फ्लोरो पाण्यापेक्षा पावणेदोन पट जड, तो बुडतो. पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगणारा ल्युअर, वापरत असाल तर फ्लोरो लीडर त्याचं नाक खाली ओढतो, तिथे साधा जाड नायलॉन लीडर चांगला. हे मला कुठल्या दुकानदाराने सांगितलं नाही.

गाठींचं म्हणाल तर गेममध्ये लीडर माऊसने ओढून सोडला की बसला, काठावर मात्र संध्याकाळी उजेड जाताना, तोंडात टॉर्च धरून, वाऱ्यात एफजी गाठ बांधायची असते. एफजी म्हणजे लीडरला गाठ न मारता त्याच्यावर ब्रेडेडचे उलटसुलट वेढे घालत जायचे आणि शेवटी आवळायचं, बारीक होते, रॉडच्या कड्यांतून सर्रकन जाते, ताकदीला उत्तम. पण आवळताना एक वेढा सैल राहिला की पहिल्याच जोरदार फेकीला ल्युअर एकीकडे आणि आपण एकीकडे. घरून निघताना एफजी बांधून न्यायची आणि काठावर तुटली तर डबल युनी ही दुसरी गाठ मारायची, ती जाडसर होते पण अंधारात जमते. लीडर थोडा आखूड ठेवला तर डबल युनी कड्यांच्या बाहेरच राहते आणि फेकताना अडकत नाही. कुठलीही गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा, नायलॉन आणि फ्लोरो कोरडे आवळले की घर्षणाने तापतात आणि तिथेच कमजोर होतात.

बांधावर एक काका बसतात, रॉड नाही, रील नाही, बाटलीला गुंडाळलेला जाड तंगूस, पुढे शिसं, गरी आणि जिवंत सुंगट. उजव्या हाताच्या बोटावर लाईनचा एक फेर टाकून बसायचे, बाकी सगळं लक्ष बिडीवर असल्यासारखं. माझी एफजी चालू असताना एकदा वाकून बघितलं आणि म्हणाले, "पयलीं गांठ पळय पुता, नुस्तें मागीर." (आधी गाठ बघ पोरा, मासे नंतर.) ते तांबोसो कसा काढतात ते बघण्यासारखं आहे. तांबोसो लागला की पहिल्या दोन-तीन सेकंदांत दगडात घुसतो, काका त्याला तेवढा वेळच देत नाहीत, दोन्ही हातांनी सरळ ओढतात. ड्रॅग वगैरे भानगडच नाही. जाड तंगूस दगडावर घासला तरी झेपतो आणि थोडा ताणतो म्हणून गरी फाटून निघत नाही. माझा ०.४० चा तंगूस त्यांच्याकडे बघूनच परत बाहेर काढला, आणि वाळूवर मुडदुशीसाठी तर मी आता ब्रेडेड लावतच नाही. मुडदुशीचं तोंड नाजूक, ब्रेडेडवर जरा जोरात हिसका बसला की गरी निघून येते.

तंगुसाचे तोटे पण आहेत. पाणी शोषतो आणि भिजला की थोडी ताकद जाते, रीलवर महिनोन्महिने राहिला की वेटोळ्यांचा आकार धरतो, उन्हाने कडक होतो. पण स्वस्त आहे, हंगामात एकदा बदलून टाकायचा.

ब्रेडेडचा रंग दोन महिन्यांत उडाला, हिरवीची राखाडी झाली, घाबरायचं कारण नाही, रंग वरवरचाच असतो. पुढचे काही मीटर लव सुटल्यासारखे झाले होते ते कापले, आता पावसाळ्यात सगळी लाईन उलटी गुंडाळणार, आतली कोरी बाजू बाहेर, म्हणजे अजून एक हंगाम आरामात निघेल. भरताना स्पूलवर (रीलच्या लाईन गुंडाळायच्या रिळावर) खाली थोडा नायलॉन गुंडाळायला विसरू नका, नुसती ब्रेडेड स्पूलवर घसरते, ड्रॅग कितीही आवळा, अख्खा गोळाच फिरत राहतो.

हंगामभर सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते वाऱ्याच्या गाठींनी. फेब्रुवारीनंतर दुपारी समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो, हलका ल्युअर फेकला की सैल लाईन स्पूलवर बसते आणि पुढच्या फेकीला मधमाश्यांचं पोळं बाहेर येतं. उपाय एवढाच, बेल (रीलवरची उघड-बंद होणारी तार) हाताने बंद करायचा, हँडल फिरवून नाही, आणि गुंडाळण्याआधी लाईन एकदा ताणून घ्यायची. तरी अधूनमधून होतंच, बारीक कात्री जवळ ठेवा.

खाऱ्या पाण्याने रीलचं काय होतं ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. घरी आलं की ड्रॅग आवळून गोड्या पाण्याचा हलका शिडकावा, जोराचा फवारा नको, तो मीठ आत ढकलतो, मग पुसायचं आणि ड्रॅग सैल करून ठेवायचं. बेलवरचा छोटा रोलर फिरतोय ना ते बोटाने बघायचं, तो अडकला की लाईनला पीळ पडतो आणि दोष बिचाऱ्या लाईनीला जातो. रॉडच्या कड्यांवरून कापूस फिरवा, तंतू अडकले तर आतल्या सिरॅमिकला तडा आहे, ती कडी ब्रेडेडला रोज थोडी थोडी खाते. कॉर्कच्या मुठीला जूनमध्ये बुरशी येते, फोमची मूठ बरी.

तुटलेली लाईन काठावर टाकू नका एवढं मात्र हात जोडून सांगतो, बगळ्याच्या पायात अडकलेला तंगूस सोडवायला गेलात तर चोच डोळ्याशी येते. आणि स्क्रीनवर पाण्याच्या कडेला बिनधास्त उभं राहता येतं तसं कुंभारजुव्याच्या कालव्यात करू नका, तिथे मगरी आहेत.

नवीन सुरू करणाऱ्याने काय घ्यावं, तर आधी गेम टाका, ड्रॅगचा अंदाज येईपर्यंत खेळा. मग मध्यम किमतीचं ४००० रील, पीई १.५ चारपदरी चालेल, आठपदरी आवाज कमी करते आणि थोडी लांब जाते पण माझ्या मते घासायला चारपदरीच बरी, पुढच्या वेळी मी तीच घेणार. वाचलेल्या पैशात ४० आणि ५० पौंडी फ्लोरोचा एकेक रोल. ल्युअरबरोबर येणारे तीन गरींचे हुक बदलून जाड घ्या, चोणक पातळ हुक सरळ करतो. खारफुटीजवळ जायचं असेल तर ५० च्या खाली येऊ नका, आणि वाळूवर जायचं असेल तर यातलं काहीच नको, साधा तंगूस, छोटी गरी आणि ताजं सुंगट पुरे.