चरबी मोजणारा वजनकाटा: काटा चोख, ॲप आगाऊ

नुसता वजनकाटा म्हणून विचाराल तर नाव ठेवायला जागा नाही. लागोपाठ दोनदा उभं राहिलं तरी आकडा तोच, अंधारातही स्पष्ट दिसतो, फरशीवर डुगडुगत नाही. माझं भांडण आहे ते त्याच्या ॲपशी.

मला टाइप २ मधुमेह आहे, पाळी जाऊनही बरीच वर्षं झाली. 'वजनावर लक्ष ठेवा' असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या म्हणून हा घेतला. मध्यंतरी साखर चढली. सारखी तहान, रात्री उठून उठून लघवी, आणि काही न करता वजन उतरायला लागलं. ॲपने काय करावं? पडद्यावर रंगीबेरंगी कपटे उधळले आणि 'शाब्बास, असंच चालू ठेवा!' साखर लघवीवाटे चालली होती, शरीर चरबी नि स्नायू जाळून दिवस काढत होतं, आणि इकडे माझा सत्कार! पुढे औषध वाढवलं, साखर ताळ्यावर आली, वजन जरा भरलं. तर लगेच लाल बाण. बरं, 'मधुमेह आहे का' हा रकाना ॲपमध्येच आहे आणि मी तो भरलेला होता. कशासाठी विचारतात कोण जाणे.

याला मी बारीकसारीक खोट म्हणणार नाही, कारण वजन का उतरलं हे न पाहिल्यामुळे भल्याभल्यांचा घोळ झालाय. मधुमेह्यांत थोडी जाड माणसं जास्त जगतात, असं काही अभ्यासांत दिसलं होतं. पण बारीक माणसांत आजाराने वाळलेले आणि सिगारेट ओढणारेही येतात ना! अमेरिकेत १९७६ पासून हजारो परिचारिकांच्या तब्येतीची नोंद ठेवली जातेय. ती आणि पुरुषांची तशीच एक नोंद एकत्र करून २०१४ मध्ये मधुमेह्यांचा हिशेब मांडला, तेव्हा ज्यांनी कधीच धूम्रपान केलं नव्हतं त्यांच्यात जाडीचा हा फायदा उरलाच नाही. निदानाच्या वेळचं वजन जितकं जास्त, तितका मृत्यूचा धोका जास्त. म्हणजे वजन उतरवायचंच आहे, पण ते आपण उतरवलं की आजाराने, हे आधी बघायला हवं. त्यातून मधुमेहामुळे हृदयविकाराचा धोका बायकांत पुरुषांपेक्षा जास्त पटीने वाढतो. ॲपमधला 'आरोग्य गुण' यातलं काही धरतो असं मला तरी दिसलं नाही.

आता चरबीचे आकडे. काटा एका तळव्यातून सौम्य वीज सोडतो आणि दुसऱ्या तळव्यातून परत घेतो. त्या वाटेत पोट जवळजवळ येतच नाही. मग 'पोटातली चरबी' येते कुठून? मी ॲपमध्ये वय दहा वर्षांनी कमी करून पुन्हा उभी राहिले. वजन तेच, चरबी मात्र जागच्या जागी घटली! वय, उंची, वजन घालून बांधलेला अंदाज आहे तो, मोजमाप नव्हे. टाचा कोरड्या असल्या की आकडा वेगळा, ओल्या असल्या की वेगळा.

त्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरायची, श्वास सोडून मोजायचं, पोट आत न ओढता (हे अवघड जातं). बायकांत ८० सेंटिमीटरच्या पुढे धोका वाढतो आणि ८८ च्या पुढे तो बराच वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पाचपैकी तीन तारे, तेही काट्याचे. ॲप काढून टाकलंय; वजन आणि कंबर वहीत लिहिते, शेजारी साखर, आणि तीच वही डॉक्टरीणबाईंना दाखवते. साधा काटा मिळत असेल तर तोच घ्या. आणि पेसमेकर बसवलेला असेल तर या काट्यावर उभंच राहू नका. ही सूचना माहितीपत्रकात आहे, पण शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत.