बार्बेडोसला काही महिने राहून: आधी किनारा ठरवा, रिसॉर्ट नंतर

न्यू जर्सी, टेक्सास आणि आता पुणे-नाशिकहून पण सारखे मेसेज येतात, कॅरिबियनला जायचंय, फोटो पाठवलेत बघ, यातलं कुठलं रिसॉर्ट घेऊ, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. आम्ही इथे वेलकम स्टॅम्पवर राहतोय, म्हणजे लांबून काम करणाऱ्यांसाठीचा व्हिसा, जुलै २०२० मध्ये सुरू झाला, १२ महिन्यांचा असतो. आमचं भाड्याचं घर दक्षिण किनाऱ्यावर आहे, पण सासू-सासरे आले तेव्हा आणि दादा-वहिनी मुलांना घेऊन आले तेव्हा त्यांच्याबरोबर वेगवेगळ्या रिसॉर्टमध्ये राहणं झालं, त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात. लिहितेय ते फक्त बार्बेडोसबद्दल. कॅरिबियन म्हणजे एकच ठिकाण असल्यासारखे सल्ले नेटवर भरपूर आहेत आणि त्यातले निम्मे इथे लागू पडत नाहीत.

सगळ्यात आधी हे समजून घ्या की हे बेट लहान आहे, जेमतेम ३४ किलोमीटर लांब आणि २३ रुंद, पण त्याच्या बाजू एकमेकींपासून इतक्या वेगळ्या आहेत की चुकीच्या बाजूला कितीही भारी रिसॉर्ट घेतलंत तरी मनासारखी सुट्टी होणार नाही. वारा वर्षभर पूर्वेकडून येतो, अटलांटिकवरून, मध्ये अडवायला काही नाही. म्हणून पूर्व किनारा खवळलेला असतो आणि पश्चिम किनारा बेटाच्या आडोशाला शांत राहतो. दक्षिणेला मधलं काहीतरी. रिसॉर्टच्या वेबसाइटवर सगळीकडे तेच निळं पाणी आणि तीच पांढरी वाळू दिसते, फोटोत लाट किती उंच आणि ओढ किती हे कळत नाही.

पश्चिम किनारा म्हणजे होलटाउन, स्पाइट्सटाउन हा पट्टा, याला प्लॅटिनम कोस्ट म्हणतात आणि भाव पण त्याच हिशोबाने. पण लहान मुलं किंवा वयस्कर आईबाबा बरोबर असतील तर मी डोळे झाकून हीच बाजू सांगेन. सासूबाई आयुष्यात कधी समुद्रात कमरेच्या वर गेल्या नव्हत्या, त्या इथे रोज सकाळी तासभर पाण्यात असायच्या आणि बाहेर यायला तयार नसायच्या. सूर्यास्त पण याच बाजूने समुद्रात होतो. उणी बाजू सांगायची तर बीच अरुंद आहेत, आणि हिवाळ्यात कधीकधी उत्तरेकडून मोठ्या लाटा येतात तेव्हा दोन-चार दिवस वाळूच गायब झाल्यासारखी होते, त्याला कोणी काही करू शकत नाही.

दक्षिण किनारा, म्हणजे ब्रिजटाउनपासून रॉकली, वर्दिंग, सेंट लॉरेन्स गॅप ते ऑइस्टिन्स, हा माझा आवडता. रुंद बीच, थोड्या लाटा, चालत जाता येईल असं खाणंपिणं, रॉकलीच्या बाजूला समुद्राच्या कडेने छान बोर्डवॉक आहे तिथे संध्याकाळी अख्खं गाव फिरायला येतं. शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सला फिश फ्राय असतो, कोळ्यांच्या बाजाराशेजारी स्टॉल लागतात, ताजा मासा समोर भाजून देतात, गाणी जोरात, आणि पर्यटकांइतकेच इथले लोक असतात. मासे खाणाऱ्याने हा शुक्रवार अजिबात चुकवू नये. बजेट मध्यम असेल, मुलं दहा-बारा वर्षांची असतील, रिसॉर्टमध्ये कोंडून घ्यायचं नसेल तर दक्षिण.

पूर्व किनारा बघायला जा, राहायला आणि पोहायला नको. बॅथशेबाला ते मोठाले खडक समुद्रात उभे आहेत, सर्फिंगवाल्यांचं ते जगभर नावाजलेलं ठिकाण आहे, ओहोटीला खडकांमधल्या डबक्यात निवांत बसता येतं, पण उघड्या पाण्यात उतरायचं नाही, ओढ भयानक आहे. आग्नेयेला क्रेन बीच आहे, वाळू हलकी गुलाबी, अतिशय सुंदर, पण लाटा दणकट. तिथे मुलांचा हात सोडू नका. लाल झेंडा लावलेला असेल तर कोणी किती का आत असेना, तुम्ही जाऊ नका.

आणि सरगॅसम. हे कोणी आधी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. तपकिरी तरंगतं समुद्री शेवाळ, २०११ पासून कॅरिबियनमध्ये प्रचंड प्रमाणात यायला लागलंय, साधारण वसंत ते उन्हाळा जास्त. किनाऱ्यावर ढीग साचतात, कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि त्यात पोहणं अशक्य. वारा आणि प्रवाह पूर्वेकडून, त्यामुळे मार पूर्व आणि आग्नेय किनाऱ्याला बसतो, दक्षिणेला कमीजास्त, पश्चिम बहुतेक वेळा सुटते. म्हणजे एप्रिल ते ऑगस्टमध्ये येणार असाल तर पश्चिमेसाठी जास्त पैसे मोजण्यात खरंच अर्थ आहे, एरवी इतका नाही. बुक करायच्या आधी त्या बीचचे गेल्या आठवड्यातले पाहुण्यांनी टाकलेले फोटो शोधा, रिसॉर्टचे नाही. युनिव्हर्सिटी ऑफ साउथ फ्लोरिडाची मंडळी उपग्रहावरून शेवाळाचा अंदाज नियमित काढतात, तो पण बघा.

कधी यायचं? मधल्या डिसेंबरपासून मधल्या एप्रिलपर्यंत हवा सर्वात छान, कोरडी, आणि भाव सर्वात वर. १ जून ते ३० नोव्हेंबर चक्रीवादळांचा मोसम. बार्बेडोस बाकीच्या बेटांच्या बरंच पूर्वेला आहे म्हणून थेट तडाखा क्वचित बसतो, १९५५ च्या जॅनेटनंतर एकदम २०२१ मध्ये एल्सा. पण क्वचित म्हणजे कधीच नाही असं नव्हे. २९ जून २०२४ ला केन्सिंग्टन ओव्हलवर आपण वर्ल्ड कप जिंकलो आणि लगेच बेरिल आलं, विमानतळ बंद, अख्खी टीम काही दिवस इथेच अडकली हे सगळ्यांना आठवत असेल. बेरिल बेटाच्या दक्षिणेकडून गेलं तरी इथल्या मासेमारीच्या बोटींचं अतोनात नुकसान झालं. त्यामुळे या महिन्यांत येणार असाल तर इन्शुरन्स तिकिटाबरोबरच काढा, कारण वादळाला नाव पडल्यावर काढलेला इन्शुरन्स त्या वादळासाठी उपयोगाचा नसतो. माझं मत विचाराल तर मे महिना किंवा जूनची सुरुवात (तेव्हा शेवाळामुळे पश्चिम किनारा बघा), नाहीतर नोव्हेंबरचा शेवट ते डिसेंबरचा पहिला आठवडा. गर्दी कमी, भाव उतरलेले, हवा चांगली.

आता ऑल-इन्क्लुझिव्ह, म्हणजे राहणं-खाणं-पिणं सगळं एकाच भावात, घ्यावं का, हा सगळ्यांचा प्रश्न. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुंता कानाला किंवा जमैकाला लोक घेतात, तिथे तो हिशोब जुळतो. इथे मला तो पटला नाही, कारण बाहेर फिरणं सुरक्षित आणि सोपं आहे, बाहेरचं खाणं चांगलं आहे, आणि आधीच पैसे भरले की माणूस दुपारी-रात्री जेवायला रिसॉर्टमध्येच परत येतो आणि बेट बघायचं राहून जातं. शाकाहारी असाल, दारू घेत नसाल तर अजूनच महागात पडतं, कारण त्या पैशातला मोठा भाग बार आणि सीफूडचा असतो. सासू-सासऱ्यांसाठी आम्ही फक्त नाश्त्यासकट खोली घेतली आणि ते बरोबर ठरलं. अपवाद एकच, अगदी तान्ही मुलं आहेत आणि आईला स्वयंपाकाचा, काय खायचं याचा विचारच नकोय, तर जरूर घ्या, त्या आरामाची किंमत मी समजू शकते.

खोली घेताना ओशन व्ह्यू आणि ओशन फ्रंट यातला फरक लेखी विचारा. दादाच्या वेळी एका रिसॉर्टने ओशन व्ह्यू म्हणून जी खोली दिली तिथून दोन इमारतींच्या फटीतून समुद्राची एक पट्टी दिसत होती, आणि त्यासाठी रोजचे जास्तीचे पैसे घेतले होते. कुठली इमारत, कितवा मजला, जनरेटर किंवा किचन जवळ आहे का, हे ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवा. दाखवलेल्या भावात टॅक्स, सरकारची रूम लेव्ही आणि सर्व्हिस चार्ज धरलेत का तेही विचारा, हे सगळं मिळून शेवटच्या बिलात चांगलंच जाणवतं. बीच मात्र सगळे सार्वजनिक आहेत, कितीही महागडं हॉटेल असलं तरी समोरच्या वाळूवर बसायचा हक्क तुमचाच, फक्त खुर्च्या-छत्र्या त्यांच्या.

खाण्याबद्दल मला भरभरून सांगायचंय कारण मराठी माणसाला इथे जितकं उपाशी राहायची भीती वाटते तितकं काही नाहीये. फक्त व्हेजिटेरियन एवढंच सांगून थांबू नका, मासा चालतो असं गृहीत धरतात. मटण नको, चिकन नको, मासा नको, अंडं नको, असं एकेक नाव घेऊन सांगा. राइस अँड पीज दिसायला साधा भात असतो पण त्यात बरेचदा खारवलेलं डुकराचं मांस घालून शिजवतात, विचारल्याशिवाय घेऊ नका. मॅकरोनी पाय, म्हणजे चीज घालून भाजलेली मॅकरोनी, सगळीकडे मिळतो. कू-कू म्हणजे मक्याचं पीठ आणि भेंडी घोटून केलेला मऊ गोळा, तो इथे फ्लाइंग फिशबरोबर खातात आणि तेच त्यांचं राष्ट्रीय जेवण. रोटी म्हणून जे मिळतं ती गुंडाळी असते, आत बटाटा-छोल्याची करी, त्रिनिदादला गेलेल्या आपल्या गिरमिटिया मजुरांची देणगी, आणि शेफेट या इथल्या फास्ट फूडच्या साखळीत पण बटाट्याची रोटी मिळते. रास्ताफारी पंथाच्या लोकांचं आयटल जेवण सहसा शाकाहारी असतं, मीठ कमी घालतात, पण भाज्या मस्त. नोव्हेंबरात आलात तर कॉंकीज शोधाच, मक्याचं पीठ, भोपळा, नारळ, बेदाणे केळीच्या पानात बांधून वाफवतात, अगदी आपल्या पातोळ्यांच्या कुळातला पदार्थ.

आणि किचनवालं अपार्टमेंट मिळालं तर मजाच, कारण बाजारात भेंडी, भोपळा, रताळी, कच्ची केळी तर मिळतातच, पण नीरफणस पण मिळतो! मी रत्नागिरीची, मी त्याचे काप केले तेव्हा शेजारच्या बाई रेसिपी लिहून घेऊन गेल्या. थंडीत ओल्या तुरीच्या शेंगा येतात, इथे नाताळच्या जेवणात तूर हवीच. बाहेरून आयात केलेल्या गोष्टी, चीज, सफरचंद, सीरिअल, भयंकर महाग, बहुतेक माल जहाजाने येतो. मसाले आणि तांदळाचं पीठ घरूनच आणा. सॉकेट अमेरिकन पद्धतीचे आणि व्होल्टेज ११५, त्यामुळे भारतातून आणलेला मिक्सर किंवा इंडक्शन चालणार नाही. नळाचं पाणी मात्र बिनधास्त प्या, बेट प्रवाळाच्या चुनखडीचं आहे आणि पाणी त्यातून गाळून येतं, बाटल्या विकत घेऊन पैसे घालवू नका.

पैशाचं सोपं आहे. दोन बार्बेडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर, हा दर १९७५ पासून बांधलेला आहे. पण मेनूवर लिहिलेला भाव कुठल्या डॉलरमध्ये आहे हे आधी विचारा, बिल दुप्पट-निम्मं होण्याचा प्रश्न आहे. टॅक्सीला मीटर नाही, बसायच्या आधी भाडं ठरवा, परत तेच, कुठल्या डॉलरमध्ये. बस उत्तम, भाडं साडेतीन बार्बेडोस डॉलर, थांब्यावर फक्त ‘टू सिटी’ किंवा ‘आउट ऑफ सिटी’ लिहिलेलं असतं, सिटी म्हणजे ब्रिजटाउन. पांढऱ्या व्हॅन असतात त्यांना झेडआर म्हणतात, खच्चून भरतात, गाणी फुल्ल, मुलीला त्याच सगळ्यात आवडतात. गाडी डावीकडून चालते, भारतात चालवलेल्याला सोपं जातं, पण आतले रस्ते अरुंद आणि रात्री अंधार, म्हणून दोन-तीन दिवसांपुरतीच भाड्याने घ्या, पूर्व आणि उत्तर बघून परत करा.

बीचवरची दोन झाडं-प्राण्यांची गोष्ट मात्र मनावर घ्या. मँचिनील नावाचं झाड असतं, हिरव्या सफरचंदासारखी छोटी फळं, अत्यंत विषारी, नुसत्या पानांवरून ओघळलेल्या पावसाने अंगावर फोड येतात. बऱ्याच झाडांना लाल पट्टा मारलेला असतो. पाऊस आला तर झाडाखाली धावू नका आणि खाली पडलेलं कुठलंच फळ मुलांच्या हातात देऊ नका. दुसरं, कासवं. कार्लाइल बेला पाण्याखाली बुडालेली जहाजं आहेत आणि तिथे स्नॉर्कलिंग करताना कासवं अगदी जवळून जातात, त्यांना हात लावू नका. उन्हाळ्यात रात्री हॉक्सबिल कासवं अंडी घालायला रिसॉर्टसमोरच्या वाळूवर येतात, तेव्हा टॉर्च आणि फ्लॅश बंद ठेवा, खुर्च्या वाटेत सोडू नका. इतक्या लांबून येऊन आपल्यामुळे एखादी मादी अंडी न घालता परत गेली तर मला फार वाईट वाटेल.

मिलिटरी छापाचे कपडे आणू नका, इथे कायद्याने बंदी आहे, लहान मुलांच्या टोपीलासुद्धा. डासांसाठी क्रीम ठेवा, डेंग्यू होतो इथे. ऊन चेन्नईच्या अक्षांशाचं आहे आणि वाऱ्यामुळे ते कळत नाही, दुपारी बारा ते तीन सावलीत राहा.

आता कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवर टुरिस्ट म्हणून बार्बेडोसला आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण भारतातून थेट विमान नाही, बहुतेक जण लंडन किंवा अमेरिकेमार्गे येतात, म्हणजे खरी अडचण ट्रान्झिट व्हिसाची, ती तिकीट काढायच्या आधी बघा. इमिग्रेशनचा ऑनलाइन फॉर्म सरकारी साइटवर फुकट आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइट असतात, त्यांना देऊ नका. अमेरिकेत एच-१बी या कामाच्या व्हिसावर असाल आणि पासपोर्टमधल्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली असेल तर नीट वाचा: संपलेल्या शिक्क्यावर थोड्या दिवसांसाठी बाहेर जाऊन परत यायची जी सवलत आहे ती एच-१बी वाल्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोसाठी आहे, कॅरिबियन बेटांसाठी नाही. विद्यार्थ्यांच्या एफ आणि जे व्हिसाला शेजारच्या बेटांसाठी मिळते, क्युबा सोडून. शिक्का संपला असेल तर यावेळी पोर्तो रिको किंवा यूएस व्हर्जिन आयलंड्स बघा, तो अमेरिकेचाच प्रदेश आहे, तिथेही समुद्र तितकाच निळा. आणि सुट्टी फक्त सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच मिळत असेल, वादळाची धास्ती नको असेल, तर मी बार्बेडोसऐवजी अरुबा सांगेन, ते वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहे. बाकी कुठल्याही महिन्यात, कुटुंब घेऊन, इकडेच या.